भावनेला कसली आलीय चव? : कमेंटला उत्तर

सर, कमेंट एवढी सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या मराठी मिडियमच्या पोरांना साधं इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटतो आणि मी त्यांना इंग्रजी निबंधात रागाला चव नि एकटेपणाला वास द्यायला सांगतोय, म्हणजे नटवलेलं इंग्रजी शिकवतोय. मला हे अजिबात पटत नाही ओ.

कारण अवघड शब्द कुठले ते बघा की. मेलन्कली (खिन्नता), अँग्विश (यातना), डिस्पेअर (निराशा) हे सगळे फ्रेंचमधून आलेले, 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात, आणि पोरं अडखळतात ती इथंच. कोल्ड, शार्प, बिटर, सॉफ्ट हे त्याआधीचे, इंग्रजीचे अगदी घरचे शब्द, छोटे, पाचवी-सहावीतच येतात.

आता समजा निपाणीची एक पोरगी, आई विड्या वळते, पोरगी धारवाडला हॉस्टेलवर. तिनं 'आय वॉज व्हेरी लोनली' लिहिलं तर चूक काहीच नाही पण ते कुणीही लिहील, कुठलीही पोरगी, कुठलंही हॉस्टेल. तिनं आईच्या शालीला तंबाखूचा वास होता हे आधी सांगितलं आणि मग लिहिलं 'बाय डिसेंबर द शॉल स्मेल्ड ओन्ली ऑफ सोप', तर? यात एक तरी शब्द तिला न येणारा आहे का सांगा. लोनली हा शब्दच नाही आणि तरी वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, आणि ती निपाणीचीच पोरगी आहे हेही कळतं. याला नटवणं कसं म्हणायचं?

भावनेला चव नसते, हे सगळं खोटं, असंही लिहिलंय तुम्ही. 1946 साली सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं एका माणसाच्या गुणांची यादी लोकांना दिली, एका गटाला त्यात वॉर्म शब्द, दुसऱ्याला त्याच जागी कोल्ड, बाकी यादी तीच. वॉर्मवाल्यांना तो माणूस उदार, हसतमुख वाटला, कोल्डवाल्यांना तसा नाही वाटला. अंग गरम का गार असा कुणी विचार पण केला नाही, सरळ स्वभाव वाचला. वाचणारा असाच वाचतो सर, आपण मानो न मानो.

एक मात्र तुमचं खरं, ओळीओळीला वास नि चव घातली की निबंध वाचवत नाही, एका पॅराला एक पुरे. आणि 'हार्ट ऑफ स्टोन' सारखं घासून गुळगुळीत झालेलं तर नकोच, त्यापेक्षा सरळ सॅड लिहिलेलं चांगलं. तहसीलदारांना अर्ज लिहिताना यातलं काहीच नको, तिथं दाखला मिळाला नाही, तो द्यावा, एवढंच.