चर्चचा संस्थापक कोण? (आणि तो तक्ता आता बास करा)

पेंटेकॉस्टचा रविवार (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण) आला की आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो तक्ता येतोच येतो. एका रकान्यात चर्चचं नाव, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात संस्थापक. लुथरन, १५१७, मार्टिन लूथर. अँग्लिकन, १५३४, आठवा हेन्री. मेथडिस्ट, १७३९, जॉन वेस्ली. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात कॅथलिक, साल ३३, संस्थापक येशू ख्रिस्त, पुढे हात जोडलेले इमोजी. मग आमच्या प्रोटेस्टंट बाजूचं कोणीतरी लगेच उलटा तक्ता टाकतं, की कॅथलिक चर्च काढलं ते रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने, ३२५ साली. झालं. मग रात्रीपर्यंत कोणी ना कोणी ग्रुप सोडून गेलेलं असतं आणि मामी त्यांना परत ॲड करत बसतात.

आधीच सांगतो, मला दोन्हीकडचं खावं लागतं. वडिलांकडून आम्ही नगरकडचे मिशनवाले, आता सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट. बायको ठाण्यातली ईस्ट इंडियन, म्हणजे इकडची जुनी कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची. त्यामुळे मोठे मेहुणे मला प्रेमाने "१९७० मॉडेल" म्हणतात, कारण सीएनआय नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला झालं. सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र आल्या होत्या त्या दिवशी. आता त्यांच्या तक्त्यात आमच्या संस्थापकाच्या रकान्यात काय लिहिणार? सहा जणांची सही?

आणि दोन्ही तक्ते चुकीचे आहेत हो. लूथरने लोकांना लिहून सांगितलं होतं की माझ्या नावाने स्वतःला ओळखू नका, ऐकलं कोणी नाही तो भाग वेगळा. वेस्ली १७९१ ला वारला तेव्हाही अँग्लिकन चर्चचाच दीक्षित पाळक होता. आणि कॉन्स्टंटाईनने ३२५ ला निकियाची परिषद, म्हणजे बिशपांची सभा, बोलावली हे खरं, पण तिथे आलेले बिशप काय त्याने कारखान्यातून बनवून आणले होते का? ते आधीपासून होते म्हणून तर बोलावले ना. तर आमच्या लोकांनी हे कॉन्स्टंटाईन प्रकरण बंद करावं, त्याने आपलीच शोभा होते.

मूळ भांडण आहे बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायावर. फिलिप्पाच्या कैसरियाच्या भागात येशू शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणून म्हणता, पेत्र उत्तर देतो की तू ख्रिस्त आहेस, आणि मग ते वाक्य येतं, "तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन". (पेत्र या नावाचा अर्थच खडक, आणि मंडळी म्हणजे चर्च.) खडक म्हणजे कोण? कॅथलिक म्हणतात पेत्र, म्हणून त्याच्या गादीवरचा रोमचा बिशप. आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवलं की पेत्र नाही, पेत्राने दिलेली कबुली. ग्रीकमध्ये दोन शब्द जरा वेगळे आहेत आणि अरामीत एकच आहे, त्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत, मी त्यात शिरत नाही.

पण माझं प्रामाणिक मत, आणि आमचे पाद्रीसाहेब वाचत असतील तर त्यांनी रागावू नये, की ते वाक्य सरळ वाचलं तर येशू पेत्रालाच बोलतोय. समोर उभ्या माणसाला "तू" म्हणून नाव द्यायचं आणि पुढच्याच क्षणी विषय बदलायचा, असं कोणी बोलत नाही. कबुलीवाला अर्थ लूथरने शोधून काढला असंही नाही, क्रिसोस्टम नावाच्या जुन्या धर्मगुरूने तो चौथ्या शतकातच मांडलाय. आणि बिशप ऑगस्टिनची गंमत बघा, त्याने आधी लिहिलं खडक म्हणजे पेत्र, मग बऱ्याच वेळा लिहिलं खडक म्हणजे ख्रिस्त, आणि म्हातारपणी स्वतःचीच पुस्तकं तपासायला बसला तेव्हा म्हणाला की दोन्ही मतं समोर आहेत, वाचणाऱ्याने ठरवावं. एवढा मोठा माणूस वाचकावर सोडतो आणि आमच्या ग्रुपवरचे दोन मिनिटांत निकाल लावतात.

मग मोठे मेहुणे लगेच म्हणतात, "चला, जावईबापू पोपला मानायला लागले." नाही ना, मेहुणे. पेत्र खडक आहे हे एक वाक्य, आणि रोमचा प्रत्येक बिशप तो खडक आहे हे दुसरं वाक्य, मधल्या जिन्याच्या पायऱ्या मत्तयात कुठेच नाहीत. गादी, वारस, रोम, यातला एकही शब्द त्या अध्यायात नाही. पोपचा अचूकपणाचा सिद्धांत तर अधिकृतपणे १८७० ला ठरला, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यावर १७ वर्षांनी. (हे मी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या, मेहुणे नाही हसले.) आणि ज्या पेत्राला खडक म्हटलं त्यालाच जेमतेम पाच-सहा वचनांनंतर येशू सैतान म्हणून मागे हो म्हणतो. अंत्युखियात प्रेषित पौल त्याला सगळ्यांसमोर झापतो, कारण हा परराष्ट्रीयांबरोबर (म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवत होता आणि यरुशलेमहून माणसं आली तसा गुपचूप बाजूला झाला. जेवणाच्या पंगतीवरून! आपल्याकडच्या माणसाला हे काही वेगळं समजावून सांगायला नको. यरुशलेमच्या सभेतसुद्धा पेत्र बोलतो, पण शेवटचा निर्णय मांडतो याकोब. खडक आहे, पण मालक नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता आमच्याकडचे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढतात, की ख्रिस्ताशिवाय दुसरा पाया कोणी घालू शकत नाही. बरोबर. पण तोच पौल लिहितो असं आपण मानतो त्या इफिसकरांच्या पत्रात पाया आहे प्रेषित आणि संदेष्टे, ख्रिस्त कोनशिला. आणि प्रकटीकरणात नव्या यरुशलेमच्या तटाला बारा पाये, त्यावर बारा प्रेषितांची नावं. म्हणजे शास्त्रालाच एका चित्रावर अडून बसायचं नाहीये, आपल्यालाच बसायचंय. कारण आपलं भांडण पायाचं नाहीच, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये असतं तसं ओरिजिनल मेंबर कोण आणि शेअर सर्टिफिकेट कोणाकडे याचं आहे.

चर्च सुरू कधी झालं हा अजून एक वेगळा घोळ. पेंटेकॉस्टला, तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी, असं बहुतेक म्हणतात. रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले लोक म्हणतात अब्राहामापासून देवाची मंडळी एकच. काही लोक तर पौलापासूनच मोजतात. मला यात फार रस नाही.

मला रस आहे तो ह्यात, की आपण ठाण्यात बसून पोपचं रोम की लूथरचं विटेनबर्ग भांडतो आणि आपल्या पायाखाली काय आहे ते बघत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक ग्रीक व्यापारी लिहून गेलाय की कल्लियाना इथे एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियात होते. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे लूथरच्या जवळजवळ हजार वर्षं आधी, पोर्तुगीजांच्याही तितकीच आधी, आज जिथे आपण फास्ट लोकलमध्ये चेंगरतो तिथे एक बिशप होता आणि तो ना पोपचा माणूस, ना प्रोटेस्टंट. पूर्वेकडच्या चर्चचा, ज्यांना नेस्टोरियन म्हणून नाव पडलं.

आणि १३२१ साली खुद्द ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे कॅथलिक, साधू मारले गेले. निघाले होते चीनला, जहाज इकडे आलं. त्यातल्या एकाचं नाव सिएनाचा पीटर. नंतर ओडोरिक नावाचा त्यांच्यातलाच एक साधू इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी घेतल्या आणि बरोबर चीनला नेल्या, आणि लिहून ठेवलं की ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं आहेत, आणि पुढे काय, तर हे लोक पाखंडी. मी ते वाचून कपाळाला हात लावला. हे चौघं परक्या गावात उतरले ते ह्याच नेस्टोरियनांकडे, जेवले-राहिले त्यांच्या घरात, आणि मागून आलेल्याने वहीत टिपलं काय, पाखंडी. पेत्राच्या गादीला मानत नाहीत ना, मग बास. त्या पंधरा घरांचं पुढे काय झालं ते कोणी लिहिलं नाही.

केरळात तर हे अजून उघड झालं. तिथले जुने ख्रिस्ती म्हणायचे आमचा मार्ग थोमाचा, तुमचा पेत्राचा, दोघं प्रेषितच, मग तुम्ही आम्हाला का शिकवता? १५९९ ला गोव्याच्या आर्चबिशपने उदयंपेरूरला सभा भरवून हे म्हणणंच चुकीचं ठरवलं. १६५३ ला त्या लोकांनी मट्टांचेरीला क्रूसासमोर शपथ घेतली की पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही. तेव्हापासून जे फाटे फुटले ते आज नेरूळ-वाशीला रविवारी सकाळी डोळ्यांनी दिसतात, एकाच नोडमध्ये मल्याळी माणसांच्या तीन-चार चर्चेस, मार थोमा वेगळं, ऑर्थोडॉक्स वेगळं, सिरो-मलबार वेगळं, आणि सगळ्यांचा पाया म्हणजे तोच एक थोमा. पार्किंगवरून मात्र सगळे एकत्र भांडतात.

आणि आता नवीन फॅशन. नवी मुंबईत कुठेही बघा, कमर्शियल बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल, खाली झेरॉक्सवाला, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर सूटमधले पास्टर आणि त्यांच्या मिसेस, खाली मोठ्या अक्षरात "फाउंडर अँड सीनियर पास्टर". अशा एका पेंटेकॉस्टल फेलोशिपमध्ये मी गेलो होतो, माझ्या मावसभावाने आग्रह केला म्हणून. गाणी छान, माणसं प्रेमळ, खोटं कशाला बोलू. पण मेसेजमध्ये सांगितलं काय तर आमचा कुठल्याच डिनॉमिनेशनशी संबंध नाही, आम्हाला संस्थापक नाही, आम्ही फक्त ख्रिस्ताचे. मी मागे वळून फ्लेक्सकडे बघितलं.

करिंथच्या मंडळीत हेच चाललेलं. पौल त्यांची यादीच देतो, एक म्हणतो मी पौलाचा, एक म्हणतो मी अपुल्लोसाचा, एक म्हणतो मी केफाचा (म्हणजे पेत्राचाच), आणि चौथा म्हणतो मी ख्रिस्ताचा. त्या चौथ्यालाही पौलाने त्याच ओळीत बसवलाय, बाहेर नाही काढलाय. मावसभावाला हे दाखवलं तर तो म्हणाला, "दादा, तुम्ही सीएनआयवाले फार वाचता." मोठे मेहुणे शेजारीच होते, ते म्हणाले, अगदी बरोबर बोललास. बघा, एका वाक्यात कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल एक झाले.