म्हणजे कुठेच नाही!

लिफ्टमध्ये कुणीही कुणाला प्रश्न विचारू नये, असा ठराव आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत कुणी मांडला तर अनुमोदन माझं. ठाण्यातली घोडबंदर रोडवरची इमारत, मजले बावीस. लिफ्ट तळाला पोहोचेपर्यंत माणसाची पत काढून, मोजून, परत हातात देण्याइतका वेळ आरामात मिळतो.

तर परवा लिफ्टचं दार उघडलं आणि आत वरच्या मजल्यावरचे काका एक मोठी ट्रॉली बॅग घेऊन उभे. एक डिलिव्हरीवाला मुलगाही होता, हेल्मेट घातलेला. मी आत शिरलो.

"काय, यंदा सुट्टीत कुठे?"

"गावी."

"ते झालंच हो. फिरायला कुठे?"

"गावीच."

"गाव कुठलं तुमचं?"

"राजापूरकडे."

काकांनी मान हलवली. सगळी माहिती मिळाली, आता निकाल द्यायला हरकत नाही, अशी. "अच्छा! म्हणजे कुठेच नाही."

बरं, यात खवचटपणा असता तर मलाही काहीतरी खवचट सुचलं असतं. पण काका अगदी आपुलकीनं बोलले. पाठीवर हात ठेवायचेच बाकी होते, आणि तेही राहिलं ते दुसऱ्या हातात बॅग होती म्हणून.

त्या बॅगेबद्दल सांगायलाच हवं. तिचं एक चाक मोडलं होतं आणि काका ते बदलायला निघाले होते. पण बॅग आमच्यासमोर उभी होती ती छाती पुढे काढून, कारण तिच्या हँडलला विमान कंपन्यांचे टॅग लोंबत होते. सगळ्यात वर झ्युरिकचा, त्याखाली सिंगापूरचा, त्याखाली दुबईचा. कडेला छोटे बारकोडचे स्टिकर वेगळेच. काका झ्युरिकहून परत आले त्यानंतर इमारतीला नवा रंग लागून तो उडायलाही लागला आहे. माझी नजर तिकडे गेलेली बघून ते म्हणाले, "काढायचे राहूनच जातात हो."

आता हे मी त्यांना सांगितलं, ते सूड म्हणून नव्हे, खरंच सांगितलं: जुने टॅग बॅगेवर ठेवू नयेत. विमानतळावर आत गेलेली बॅग पट्ट्यावरून पळते तेव्हा स्कॅनर तिचा बारकोड वाचून ती कुठल्या विमानाकडे ढकलायची ते ठरवतात. दोन-तीन बारकोड एकदम दिसले की यंत्र गोंधळतं, बॅग बाजूला काढून माणसाच्या हाती जाते, किंवा सरळ चुकीच्या रस्त्याला लागते. छोटे स्टिकरही सोलून काढायचे असतात. त्यांच्यावरही तेच आकडे असतात. कंपन्या हे घसा फोडून सांगतात.

काका खूश झाले. "म्हणजे आम्ही गोव्याला जायचो आणि बॅग जाईल स्वित्झर्लंडला!" बॅग तरी जातेय, हा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दोन मजले टिकला.

तेवढ्यात तो डिलिव्हरीवाला मुलगा हेल्मेटच्या आतून म्हणाला, "दादा, राजापूर ना? आमचं लांजा. तिकीट झालं का?"

साऱ्या प्रवासात विचारण्याजोगा तेवढा एकच प्रश्न होता. "वेटिंग," मी म्हटलं. त्यानं काच वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा खाली केली.

काकांचा प्रश्न तसा एकट्या काकांचा नाही. एप्रिल लागला की ठाण्यात, राम मारुती रोडपासून थेट गायमुखापर्यंत, माणसं एकमेकांची उंची याच फुटपट्टीनं मोजतात. पगार विचारणं असभ्य, फ्लॅट कितीला घेतला हे विचारणं जरा धीट, पण "यंदा कुठे?" यात सगळं येतं आणि वर तुमची चौकशी केल्याचं पुण्यही. महाबळेश्वर म्हटलं की समोरचा "गर्दी असेल" म्हणतो. केरळ म्हटलं की "आम्ही २०१२ ला केलं". करतात लोक केरळ, मोदक केल्यासारखं. गोवा म्हणालात तर लगेच "नॉर्थ की साउथ?" इथे साउथ म्हणायचं. नॉर्थला आता सगळेच जातात, आणि सगळ्यांत आपण मोडत नाही.

हे काही आजचं नाही. १८२८ साली गव्हर्नर माल्कमनं महाबळेश्वर वसवलं ते साहेबाला उन्हाळा सोसेना म्हणून. १८५० साली माथेरान शोधलं ते ह्यू मॅलेट यांनी, आणि ते कोण? ठाण्याचे कलेक्टर. म्हणजे उन्हाळ्यात ठाण्यातून पळ काढण्याची सोय खुद्द ठाण्याच्या कलेक्टरनं करून ठेवली. डोंगरावर तेव्हाही माणसं राहतच होती. त्यांना कुणी सुट्टीला आलात का म्हणून विचारलं नाही. आणि १६ एप्रिल १८५३ ची ती पहिली गाडी! बोरीबंदरहून १४ डबे, ४०० निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटर जाऊन मंडळी उतरली कुठे? ठाण्याला. मुंबईतल्या बड्या लोकांनी ठाण्याला जाऊन आल्याचं पुढे कित्येक दिवस सांगितलं असणार. आम्ही रोज उलट्या दिशेनं त्याच रुळांवर लोंबकळत जातो, तोफ सोडा, कुणी सरकून जागाही देत नाही.

परदेशवारीत तर पोटजातींचा पसारा. पासपोर्टपासून सुरुवात. वागळे इस्टेटमधल्या कार्यालयात प्रौढाला ३६ पानी पुस्तिका १५०० रुपयांत मिळते आणि ६० पानी २००० ला. पाचशे रुपये जास्त देऊन साठ पानं मागणारा माणूस शिक्क्यांची बेगमी करत असतो. त्याचं दुःख आता कुणी समजून घ्यावं: युरोपनं ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं शिक्के बंद करायला घेतले. चेहरा आणि बोटांचे ठसे यंत्रात नोंदवतात, पान कोरंच राहतं. साठ पानं कोरी घेऊन माणसानं घरी यायचं आणि पाहुण्यांना काय दाखवायचं?

व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, घरबसल्या निघतो, म्हणून त्याला तितकासा भाव नाही. बालीची गंमत अशी की उतरल्यावर घ्यायच्या व्हिसाची फी ५,००,००० रुपिया. आपले जेमतेम अडीच-तीन हजार. पण "व्हिसालाच पाच लाख गेले" हे वाक्य हळदी-कुंकवात फेकलं की खोली शांत होते. हिशेब कुणी करत नाही.

खरी मुंज मात्र शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. शिवाय बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, कंपनीचं रजेचं पत्र. अर्ज कधीकधी फेटाळतात तो बँकेत पैसे कमी म्हणून नव्हे, तर अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून आणून भरलेले दिसतात म्हणून. स्टेटमेंटमध्ये महिनोन्महिने चाळीस हजार आणि मग एकदम सहा लाख दिसले तर तिकडच्या अधिकाऱ्यालाही मेव्हणा असतोच की. शिवाय साजूक तूप नेऊ नका. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. आणि हे सगळं पार पाडून लोक स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला ३४५४ मीटरवर चढतात, बर्फात उभं राहून फोटो काढतात आणि मग तिथल्या भारतीय हॉटेलात भात-आमटी शोधतात. शोधू देत. माझी तक्रार भाताबद्दल नाही.

तक्रार त्यांच्याबद्दल आहे ज्यांचं हे सगळं करून संपलं. स्वित्झर्लंड झालं, जपान झालं, आता वर जायला पायरीच उरली नाही, म्हणून ही मंडळी फिरून खाली येतात आणि थेट आमच्या वाडीत उतरतात. फार्मस्टे! रात्रीचे साडेआठ हजार, जेवण धरून. बायकोच्या मैत्रिणीनं एका ठिकाणाचं माहितीपत्रक पाठवलंय. त्यात लिहिलंय: कौलारू घरात मुक्काम, विहिरीचं पाणी स्वतः शेंदण्याचा आनंद, आमसुलं करण्याचा प्रत्यक्ष अनुभव. आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. हे गेले तर फिरायला गेले, आणि मी गेलो तर कुठेच नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव काय असतो ते ऐका. वर्षभर बंद असलेलं घर उघडलं की पहिलं काम पंप. बटण दाबलं की तो गुरगुरतो आणि पाणी येत नाही, कारण नळीच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी परत विहिरीत उतरू न देणारी झडप, अडकलेला असतो. एखादं पान, एखादा खडा, नाहीतर आतला वॉशर सुकून आखडलेला. मग नळीतलं पाणी विहिरीत उतरून जातं, आत हवा भरते. वरच्या फनेलमधून पाणी ओतायचं. पातळी टिकली तर पंप चालू करायचा, खाली गेली तर व्हॉल्व वर ओढून साफ करायचा. पाण्याशिवाय पंप तसाच फिरवत ठेवला तर सील जळतं आणि मग मेकॅनिक, जो स्वतः मुंबईत असतो. एवढं करूनही मे अखेरीस पाणी २०-२५ फुटांच्या खाली गेलेलं असलं तर वर बसवलेला पंप ते ओढतच नाही. मग शेंदा. आनंदच आनंद.

मग कौलं. माकडांनी उड्या मारून फोडलेली निवडून काढायची, सरकलेली परतायची, आणि हे पावसाच्या आत. कौलं परतणारा माणूस मे महिन्यात जपानच्या व्हिसापेक्षा दुर्मीळ. आमसुलांचं तर विचारू नका. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून लाल झालेले हवेत, फोडून बिया-गर वेगळा, त्या रसात मीठ घालायचं, सालं त्यात रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी उन्हात. पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी पाच-सहा पुटं दिली की सालं काळी, मऊ आणि टिकाऊ होतात. मधेच ढग आले तर बुरशी, सगळं फेकायचं. फार्मस्टेवर पाहुण्यांना एक पुट देऊ देतात म्हणे, फोटोपुरतं. उरलेली पाच कोण देतं? आमचीच एखादी काकी, रोजावर.

आणि तिथवर पोहोचायचं कसं? मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. युंगफ्राऊची ती रेल्वे स्विस लोकांनी १८९६ ला सुरू करून १९१२ ला वर नेली. सोळा वर्षं, बहुतेक वाट डोंगराच्या पोटातून. आमचा रस्ता सपाटीवरून जातो आणि त्या सोळा वर्षांना गाठत आलाय. विनोद म्हणून लिहायला घेतलं होतं, पण माणगावच्या कोंडीत लहान मूल घेऊन उन्हात तीन तास बसणाऱ्याला यात हसण्यासारखं काही सापडत नाही, आणि दर गणपतीला खड्डे बुजवण्याची नवी तारीख ऐकून तर मुळीच नाही.

म्हणून रेल्वे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडताना ऑनलाइन आधार जोडलेलंच खातं चालतं. प्रवाशांची नावं, वयं आदल्या रात्री मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, एका तिकिटावर सहाच जण, पैसे भरायला यूपीआय तयार ठेवा. हुकलं तर तत्काळ: आदल्या दिवशी, एसीला १० वाजता, स्लीपरला ११ वाजता, एका तिकिटावर चौघंच. म्हणजे पाच जणांच्या घरानं आजीला कुठल्या तिकिटावर घालायचं हे ठरवून बसायचं. तिथे आधारचा ओटीपी येतो, तो नेमका दुसऱ्या फोनवर, आणि तो फोन आंघोळीला गेलेल्या माणसाच्या खिशात. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत. सगळी नावं वेटिंगमध्येच राहिली तर ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. शेंगेनवाले निदान पंधरा दिवस विचार करून नाही म्हणतात. इथे ८ वाजून २ मिनिटांनी कळतं.

एक गोष्ट मात्र रेल्वेची मान्य करायला हवी. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोची बॅग. स्लीपरला माणशी ४० किलो सामान मोफत. पाच जणांचं २०० किलो. यात दोन फणस, नारळांचं पोतं, आमसुलांचा डबा आणि कोकमाच्या बाटल्या बसतात. त्या बाटल्यांतली एक येताना दर वर्षी वरच्या मजल्यावर द्यावी लागते. झाकण नीट लावलंय ना, बॅगेत सांडणार नाही ना, एवढं काका विचारतात.