गाईला शेवाळ घालण्याआधी हे वाचा

देवगडच्या आमच्या धाकट्या काकांनी परवा फोटो पाठवला: गव्हाणीत घमेलंभर ओलं शेवाळ आणि त्याकडे संशयाने बघणारी गाय. सोबत तो फॉरवर्ड, जो सध्या वाडीतल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गाय मागून मिथेन वायू सोडते आणि पृथ्वी तापते, पण देशी गाय मिथेन सोडतच नाही, सोडते ती जर्सी, दोष सगळा पोटातल्या जंतूंचा, ते मारले की काम झालं, आणि त्याला समुद्रातलं शेवाळ पुरे, परदेशी शास्त्रज्ञांनी मिथेनमध्ये 80 टक्के घट सिद्ध केलीय. फोन केला तर काका म्हणतात, "फुकट गावता, घालूक काय जाता?"

काय जातं ते सांगतो. 80 टक्क्यांचा आकडा खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस गावातल्या शाखेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये तो प्रसिद्ध केला: 21 बैल, 147 दिवस. पण तिथे घातलं ते ॲस्परागॉप्सिस टॅक्सिफॉर्मिस नावाचं लाल शेवाळ, वाळवून, दळून, तोलून. आहाराच्या जास्तीत जास्त अर्धा टक्का. दिवसाला सहा किलो सुका चारा खाणाऱ्या गाईला फार तर तीस ग्रॅम. घमेलं आलं कुठून? शिवाय घट सर्वांत जास्त दिसली ती दाण्याचा खुराक भरपूर होता तेव्हा. वैरण वाढली तसा गुण कमी झाला. आणि आपल्या गोठ्यात पाऊस सरला की भाताचा पेंढा!

त्या लाल शेवाळात ब्रोमोफॉर्म नावाचं रसायन असतं, मिथेन बनण्याची शेवटची पायरी ते अडवतं. काकांच्या फोटोत दिसतंय ते खडपावरचं हिरवं उल्वा आणि बारीक फुग्यांचं तपकिरी सरगॅसम. त्यातून मिथेन कमी व्हायचं राहिलं बाजूला, मीठ आणि वाळू मात्र पोटात जाणार. आयोडीनही. ते जास्त झालं की दुधात उतरतं, आणि ते दूध घरातली पोरं पितात.

"जंतू मारा" हे तर त्याहून भारी. गवतातला चिवट तंतू, म्हणजे सेल्युलोज, फोडायची ताकद गाईत नाहीच. कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जीवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ हे एकपेशीय जीव ते फोडतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. मिथेन करणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव वेगळे, ते उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. उद्या कुणी दुकानातून अँटिबायोटिक आणून पाजलं तर चारा पचवणारेच मरतील, गाय रवंथ टाकेल, मग डॉक्टरला बोलवा.

देशी गाईचं म्हणाल तर रवंथ करणारं प्रत्येक जनावर मिथेन सोडतं. म्हैस, शेळी आणि आपली कोकण कपिलासुद्धा. ती अंगाने लहान, खाते कमी, म्हणून डोईमागे कमी सोडते, एवढंच खरं. दूधही कमी देते, त्यामुळे लिटरमागे हिशेब मांडलात तर आकडा उलटा वर चढतो. आणि ते "मागून" वगैरे सोडा, बहुतेक सगळा वायू ढेकरेतून तोंडावाटे येतो.

काही घालायचंच असेल तर बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, 17 ते 20 टक्के घट होते असं संस्था सांगते. तेही काका, आधी तालुक्याच्या पशुवैद्यकांना विचारून.