गाडीवर रंगाचे तुषार उडालेत? मग थिनरचा बोळा आधी लांब ठेवा

चवथीच्या तोंडावर गेट आणि ग्रिलं, पाऊस गेला की इमारती, दिवाळीआधी गल्लोगल्लीचे नरकासुराचे पुतळे, मग नाताळाचं रंगकाम. गोव्यात रंग फवारणारा कंप्रेसर कुठे ना कुठे चालूच असतो. आणि बाजूला उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला की उडून बसलेल्या रंगाचा बारीक रवा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. या उडालेल्या रंगाने गाडीचं कायमचं नुकसान फार क्वचित होतं. खरं नुकसान होतं ते रंगाऱ्याचा हेल्पर “एका मिनटात पुसून देतो” म्हणत थिनरमध्ये भिजवलेला बोळा घेऊन येतो तेव्हा. त्याला तिथेच थांबवा. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात, त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50 मायक्रॉनचा. भट्टीत पक्का झालेला हा कोट थिनरच्या एका हलक्या हाताने लगेच विरघळत नाही, पण एका हातावर कोण थांबतं? वर बसलेली धूळ आणि रंगाचे कण त्याच बोळ्याखाली घासले जातात. एखादा दरवाजा पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर तिथला रंग मऊ पडून चिकटच होतो. हेडलाइटची काच म्हणजे पॉलीकार्बोनेट, तिला थिनरने जाळीसारख्या चिरा जातात. काचेभोवतीचं रबरी बीडिंग फुगतं, बंपरचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडतं.

आधी गाडीचे फोटो काढा, सरळ आणि तिरप्या उजेडात. मग रंगाचा डबा बघून या. डबा न बघता सुरू केलेली सफाई म्हणजे अंधारात चाचपडणं.

भिंतीचा इमल्शन असेल आणि काही तासच झाले असतील तर भरपूर पाणी आणि कार शाम्पूनेच बराचसा निघतो. वाळला असेल तर मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मिनिटभर नुसतं टेकवून ठेवा. इमल्शन मऊ होऊन कापडाला रंग लागतो. ग्रिलचा ऑइल पेंट अल्कोहोलला दाद देत नाही. तो ताजा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं, पण लगेच शाम्पूने धुवायचं. एक रात्र उलटली की त्याचाही उपयोग कमी होत जातो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा हार्डनर घातलेला पीयू (पॉलीयुरेथेन) रंग किंवा बोटींना आणि लोखंडी कामाला मारतात तो इपॉक्सी एकदा पक्का झाला की गाडीच्या रंगाला धक्का न लावता त्याला विरघळवेल असं काही नाही. तिथे क्लेच, म्हणजे पत्र्यावर चिकटलेले कण उचलून काढणारी, मळता येणारी मऊ वडी.

अंतरालाही महत्त्व आहे. दूरवरून आलेले थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि वरवर चिकटतात, ते पटकन सुटतात. दहा फुटांवरून ओले आलेले थेंब पसरून बसतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पश्चिमेला चाललेल्या कामाचा फवारा थेट तुमच्या पार्किंगवर येतो. म्हणून स्प्रेचं काम सकाळी उरकायला सांगणं ही कटकट नाही, अक्कल आहे.

आता क्ले. गाडी आधी दोनदा धुवा, आणि हे गोव्यात जास्तच मनावर घ्या. चिऱ्यांची लाल धूळ, उसगाव-कुडचड्याच्या बाजूला खनिजाची, ती क्लेखाली राहिली तर सॅंडपेपरचंच काम करते. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली शाम्पू. 100 ग्रॅमच्या वडीतला अर्धा तुकडा मळून तळहातावर चपटा करा. दोन बाय दोन फुटांचा भाग या पाण्याने भरपूर भिजवा आणि बोटांचा भार न देता सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. सुरुवातीला क्ले अडखळते, खरखर ऐकू येते. मग ती एकदम सुळकन सरकते, तेव्हा तो भाग झाला. खात्री करायची तर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवून बघा, नुसत्या बोटांना न लागणारा रवाही लागतो. क्लेवर रंग दिसला की घडी घालून नवी बाजू घ्या. जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या, धुऊन वापरू नका. सुरुवात फाइन ग्रेडने, नाही जमलं तरच मीडियम. मॅट फिनिश आणि व्हिनाइल रॅपवर क्ले लावूच नका.

काचेचं काम सोपं वाटतं, म्हणून तिथेच चरे पडतात. काच धुवून साबणाच्या पाण्याने ओली ठेवा. होल्डरमध्ये नवं कोरं ब्लेड, साधारण 30 अंशांत, फक्त पुढे ढकलायचं. ब्लेड मागे ओढलं की खाली अडकलेला कण काच ओरखडतो. दरवाज्यांच्या टफन्ड काचांवर कोपऱ्यात आधी थोडं करून बघा, कर्रकर्र आवाज आला तर ब्लेड सोडा आणि क्ले घ्या. सनफिल्मला आणि मागच्या काचेच्या आतल्या डिफॉगरच्या रेघांना ब्लेड लागता कामा नये. हेडलाइट, हेल्मेटचा व्हायझर, स्कूटरची वाइंडशील्ड यांना ब्लेड अजिबात नाही. आणि वायपरचं रबर पुसायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच पावसात त्यावरचे कण काचेवर अर्धवर्तुळ कोरतील.

दाणेदार काळ्या प्लास्टिकबद्दल खोटी आशा दाखवत नाही. इमल्शन असेल तर मऊ टूथब्रश आणि अल्कोहोलने निघतं, आधी आतल्या बाजूला करून बघा. पीयू खोबणीत बसला असेल तर तो भाग बदलणंच बरं, आणि तो खर्च कंत्राटदाराकडून घ्यायचा.

क्लेनंतर काळ्या किंवा गडद गाडीवर उन्हात बारीक जाळी दिसते. फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात पुरतो, कटिंग कंपाउंडची गरज नाही. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा. आपल्या खाऱ्या हवेत पत्रा उघडा ठेवू नये.

सोसायटीने रंगकाम देताना गाड्या झाकण्याची अट कागदावर घालावी, आणि कशाने झाकायच्या तेही लिहावं. ओल्या गाडीवर घट्ट प्लास्टिक टाकून चार दिवस ठेवलं तर आत दमट हवा कोंडून पांढरे डाग पडतात. सुती चादर, वर प्लास्टिक, आणि काम थांबलं की संध्याकाळी दोन्ही काढायचं.

एवढं होऊनही एखादा गॅरेजवाला “सगळा पॅनल रंगवावाच लागेल” म्हणाला, तर त्याला एका फुटाच्या तुकड्यावर क्ले फिरवून दाखवायला सांगा.