पश्चात्तापाची पाच मिनिटे : अँटिहीरोंवरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे बरे दिसणार नाही. आपला आक्षेप थोडक्यात असा : ‘लोगन’ आणि ‘द बॅटमॅन’ या अँटिहीरोंच्या, म्हणजे डागाळलेल्या नायकांच्या, चित्रपटांची मी केलेली स्तुती म्हणजे हिंसेचे उदात्तीकरण आहे, असे चित्रपट दोन तास मारझोडीची मजा लुटू देतात, शेवटी पाच मिनिटे पश्चात्ताप दाखवतात आणि त्यालाच नैतिक गुंतागुंत म्हणवून घेतात, अशा नायकांचे अनुकरण होण्याची भीती आहे, आणि १९७८ च्या ‘सुपरमॅन’सारखा निर्मळ नायक उपलब्ध असताना हा चिखल तुडवायचाच कशाला?

यांतला पाच मिनिटांचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि पुष्कळ चित्रपटांना तो तंतोतंत लागू पडतो. २०२२ च्या ‘ब्लॅक ॲडम’मध्ये नायक भाडोत्री सैनिकांना किड्यामुंग्यांसारखे मारत सुटतो, हॉकमन हा दुसरा सुपरहीरो त्याला नायकांनी माणसे मारायची नसतात असे बजावत राहतो, आणि चित्रपट मात्र त्या बजावण्याचीच थट्टा करतो. मेलेल्या सैनिकांना ना नाव आहे, ना त्यांच्यामागे रडणारे कोणी. २०१६ च्या ‘सुसाइड स्क्वॉड’ची गंमत तर याहून निराळी आहे. ज्यांची ‘वाईट’ म्हणून एवढी जाहिरात झाली, ते गुन्हेगार आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या कोणाच्याही केसाला धक्का लावत नाहीत. सर्वांत निर्घृण कृत्य करते ती अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी. ती स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना गोळ्या घालते आणि तो प्रसंग एका चटपटीत शेऱ्यावर उडवून लावला जातो. या मंडळींना अँटिहीरो म्हणायला मी तयार नाही. वेशभूषाकाराने मळवून दिलेले ते जुनेच हीरो आहेत.

पण म्हणूनच सगळे एका माळेचे मणी ठरत नाहीत. नायकाच्या कृत्याची किंमत कोणाला मोजावी लागते, आणि त्या माणसाच्या जागी उभे राहून चित्रपट आपल्याला नायकाकडे पाहायला लावतो का, एवढेच मी तपासतो. ‘लोगन’मधले मन्सन कुटुंब आठवा. महामार्गावर उधळलेले घोडे आवरायला मदत झाली, म्हणून ते लोगन, त्याचा वृद्ध गुरू चार्ल्स आणि एक लहान मुलगी या तीन अनोळखी प्रवाशांना घरी जेवायला आणि मुक्कामाला नेतात. आपल्या मागावर कोण आहे हे लोगनला ठाऊक आहे. तो आढेवेढे घेतो, पण चार्ल्सच्या आग्रहापुढे नमून थांबतो. त्याच रात्री लोगनच्याच चेहऱ्याचा, त्याच्यापासूनच प्रयोगशाळेत घडवलेला मारेकरी त्या घरात शिरतो आणि बायको-मुलासह सारे घर उद्ध्वस्त करतो. मरणाच्या दारातला विल मन्सन त्या मारेकऱ्यावर गोळ्या झाडतो, मग बंदूक लोगनकडे वळवतो आणि चाप ओढतो. बंदूक रिकामी असते. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्या माणसाच्या लेखी लोगन आणि मारेकरी यांच्यात आता काहीच फरक उरलेला नाही, आणि दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड लोगनच्या तोंडी बचावाचा एक शब्दही घालत नाही. हा प्रसंग शेवटच्या पाच मिनिटांतला नाही, हेही लक्षात घ्यावे.

मॅट रीव्ह्ज यांच्या ‘द बॅटमॅन’मध्ये (२०२२) तर आरोप सुरुवातीलाच ठेवलेला आहे. रेल्वे स्थानकावर तोंडे रंगवलेल्या टोळक्याने एका प्रवाशाला घेरलेले असते. बॅटमॅन अंधारातून येतो, स्वतःला ‘सूड’ म्हणवून घेतो आणि त्यांना झोडपून काढतो. त्यानंतर सुटका झालेला तो प्रवासीच, मला मारू नका, अशी गयावया करतो. पुढे अखेरच्या भागात रिडलर या खलनायकाचा एक अनुयायी पकडला जातो, तोही आपली ओळख ‘सूड’ अशीच सांगतो, आणि बॅटमॅन अवाक होतो. पुरात अडकलेल्या लोकांपुढे तो हात करतो तेव्हा ते बिचकतात, ते मला त्यामुळेच खरे वाटले. पहिल्या प्रवाशाची भीती चित्रपट विसरलेला नसतो.

अनुकरणाविषयीची आपली भीती मात्र निराधार नाही. १९७४ मध्ये कॉमिक्समध्ये आलेल्या, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत सुटणाऱ्या पनिशरच्या छातीवरची कवटी पुढे अमेरिकी सैनिकांच्या सामानावर आणि पोलिसांच्या गाड्यांवर दिसू लागली; केंटकी राज्यातल्या एका गावाच्या पोलिसांनी ती २०१७ मध्ये गाड्यांवर लावली आणि लोकांनी नापसंती दाखवल्यावर काढून टाकली. पनिशरचे एक जनक जेरी कॉनवे यांनी या प्रकाराबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आहे. २०१९ च्या एका अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरचे ते चिन्ह फाडतो आणि आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे पाहा, असे त्यांना सुनावतो. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. चिन्ह कथेपासून सुटून निघाले की लेखकाच्या हाती काही राहत नाही, हे मला मान्य आहे. त्यावर गुंतागुंतीच्या कथाच लिहू नयेत हा उपाय मात्र पटत नाही.

आपण ‘द डार्क नाइट’ या दुसऱ्या बॅटमॅनपटाला आपल्या आक्षेपातून वगळले आहे, त्याचे मला नवल वाटले. बॅटमॅन त्यात अख्ख्या शहराचे फोन वापरून सर्वांवर पाळत ठेवतो. त्याला यंत्रसामग्री पुरवणारा सहकारी लुशियस फॉक्स ठाम विरोध करतो, तरी एकदाच म्हणून यंत्र चालवतो. खलनायक जोकर सापडतो आणि यंत्र नष्ट केले जाते. हा चित्रपट अमेरिकेत १८ जुलै २००८ रोजी लागला. त्याआधी जेमतेम आठवडाभर, १० जुलैला, सरकारी पाळतीत साथ दिलेल्या दूरसंचार कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली होती. चित्रपटातल्या पाळतीमुळे एकाही नागरिकाचे काही बिघडल्याचे दिसत नाही. काम फत्ते होते आणि हातही स्वच्छ राहतात. आपल्या पाच मिनिटांच्या आक्षेपाला याहून चपखल उदाहरण मला सुचत नाही.

राहता राहिला ‘सुपरमॅन’. सुपरमॅन साकारणारे क्रिस्टोफर रीव्ह मलाही फार आवडतात. पण त्या चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहावा. मानवी इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद असते. त्याची प्रेयसी लोइस मरते, तो ताकीद झुगारून पृथ्वीभोवती फिरत काळ उलटा फिरवतो आणि तिला परत आणतो. त्यासाठी त्याला किंवा इतर कोणालाही काही मोजावे लागत नाही, आणि पश्चात्ताप तर पाच मिनिटेही नाही.