एजंटच्या यादीत नसलेली कॉलेजं

दारव्हा, दिग्रस, आर्णीकडून हल्ली फोन येतच असतात. पोट्टा बी.ई. मेकॅनिकल झालेला, बाजूला बाप बसलेला, फोन स्पीकरवर. "भाऊ, जर्मनीच्या दोन युनिव्हर्सिट्या भेटल्या, कोनती घेऊ?" मी आधी विचारतो, ही दोन नावं काढली कोणी? बहुतेक वेळा नागपूरच्या एखाद्या कन्सल्टन्सीने, आणि वरून "एक रुपया घेतला नाही जी त्यानं."

तो रुपया तिकडून येतो. खासगी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात, जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. कृषी केंद्रवाला मार्जिन असलेलीच थैली पुढे सरकवतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पोरांच्या यादीत खासगीच नावं भरलेली असतात. फी वर्षाला दहा हजार युरोच्या पुढे, म्हणजे आजच्या भावाने दहा लाखांच्या वर.

मागे एका घरी गेलो तर बापाने जिनिंगच्या पावतीमागे सगळा हिशेब मांडून ठेवला होता. फी, खोली, विमान, आणि सगळ्यात खाली "१२ लाख ब्लॉक". मला म्हणे, "हे बारा लाख त गेलेच ना?" नाही गेले. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, ते पोराच्याच नावावर असतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो त्यालाच खायला मिळतात. फी मात्र गेली ती गेली. हा फरक त्या माणसाला कोणीच सांगितला नव्हता, आणि तो तीन एकर विकायला निघाला होता.

शेतीचं आणखी एक. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँक सहसा तारण मागते. सातबारा बहुधा चालत नाही, गावठाणातल्या घराचा नमुना आठ दाखवला तरी साहेब नाही म्हणून मान हलवतो. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर शहरातला फ्लॅट लागतो. मग माणूस जास्त व्याजाच्या खासगी फायनान्सकडे वळतो. म्हणून फी किती हा आपल्याकडे पहिला प्रश्न, रँकिंग नंतर.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत सहसा फी नसते, पण सरकारी म्हणजे सगळीकडे फुकट असंही समजू नका. स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे ज्या राज्यात येतात तिथे २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून फी सुरू केली, मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. आखेनचं आरडब्ल्यूटीएच मोठं नाव, पण तिथेही काही इंग्रजी मास्टर्सना वेगळी फी आहे. म्हणजे विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही, त्या एका कोर्सचं पान उघडून वाचावं लागतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या पोरांनी होखशूलं, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारी कॉलेजं, पाहावीत. त्याच आखेनमध्ये एफएच आखेन आहे, क्लेवेला राइन-वाल आहे, तिथे इंग्रजीतले कोर्सही आहेत. अशा ठिकाणी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक व्हायला विद्यापीठाबाहेर कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे कारखान्याचं गेटही न पाहिलेल्या सरांकडून मशीन डिझाइन शिकलेल्या पोराला याची किंमत कळते. पुढे पीएचडी करायची असेल तर मात्र टीयू, म्हणजे तांत्रिक विद्यापीठ, घ्या, तिथे मी वाद घालणार नाही.

कोर्स इंग्रजीत असला तरी लहान गावातल्या कारखान्यात काम जर्मनमध्येच चालतं. एपीएसच्या, म्हणजे आपल्या पदवीच्या तपासणीच्या, कागदांची वाट पाहता पाहता जर्मन भाषेची बी-वन पातळी उरकून घ्या. रिकामं बसून रील्स पाहण्यापेक्षा बरं.

एक अपवाद आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला पात्र असाल तर सगळा विचार उलटा होतो, कारण तिथे जागतिक क्रमवारीचीच अट आहे. मग आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा, त्यात बसणारीच विद्यापीठं निवडा आणि फीची चिंता सोडा.

प्रवेशाची दोन पत्रं हातात घेऊन कोणी बसलं असेल तर इनबॉक्समध्ये टाका. दोन्ही कोर्सच्या लिंका पाठवा, कन्सल्टन्सीचं पीडीएफ नको. आणि बाबांना सांगा, तोवर जमिनीचा इसार घेऊ नका.