‘हे खरे आहे काय?’ प्रश्नोत्तराचा तास बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

अधिवेशन तोंडावर आलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: आमदार-खासदारांनी मंत्र्यांना प्रश्न विचारणं हा निव्वळ देखावा आहे, त्यातून काही घडत नाही. उत्तरं कक्ष अधिकारी लिहितात, मंत्री वाचतात, आणि ‘हे खरे नाही’ म्हटलं की विषय संपतो. गुन्ह्यांचा तपास पोलीस करतात, खटले न्यायालयं चालवतात, मग मंत्र्याला विचारून काय मिळणार? माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार आहेच. प्रश्न तर पैसे घेऊनही विचारले जातात. आणि या सगळ्यावर मिनिटाला अडीच लाख रुपये उडतात. तेव्हा प्रश्नोत्तराचा तास बंदच करा.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी मान्य करणार आहे. पण निष्कर्ष घातक आहे. तो घातक का, हे कल्पनेने सांगायची गरज नाही. तास बंद ठेवला की काय होतं, ते आपण एकदा पाहिलेलं आहे.

सप्टेंबर २०२०. करोनाच्या कारणाने संसदेच्या पावसाळी अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तेवढी सुरू राहिली. फरक समजून घ्या. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकिताचं उत्तर कागदावर येतं आणि तिथेच थांबतं. तारांकिताचं उत्तर मंत्री उभं राहून देतात आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. २०२० मध्ये गेला तो हा उपप्रश्न.

त्या अधिवेशनात श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं, की टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला. उत्तर आलं: अशी आकडेवारी ठेवली जात नाही. मग त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का? उत्तर: वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं, की श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणजे एका मंत्रालयाकडे निदान एक आकडा होता आणि दुसरं म्हणत होतं, आकडाच नाही. नेहमीचं अधिवेशन असतं तर कुणीतरी उभं राहून विचारू शकलं असतं: रेल्वेकडे नोंद आहे, मग तुम्ही ती मागवली का नाही? राज्यांना पत्र लिहिलं का? लिहिलं असेल तर कोणत्या तारखेला? या तीन साध्या वाक्यांना त्या वर्षी सभागृहात जागा नव्हती.

‘काही घडत नाही’ या म्हणण्याला यातच अर्धं उत्तर आहे. ‘आकडेवारी नाही’ हे उत्तर पोकळ होतं, तरी ते लेखी होतं, सरकारचं होतं आणि सभागृहाच्या कामकाजात कायमचं नोंदलं गेलं. विरोधकांनी शंभर भाषणांत केलेला आरोप सरकार झटकून टाकू शकतं. स्वतःच्या मंत्र्याच्या नावावर छापलेलं उत्तर झटकता येत नाही. उरलेलं अर्धं उत्तर १९५७ सालचं आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले, हा विषय फिरोज गांधी यांनी लोकसभेत लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावईही. त्यातून न्या. एम. सी. छागला यांची चौकशी नेमली गेली, ती मुंबईत खुलेपणाने चालली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं.

‘मंत्री काहीही सांगतात’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लोकसभेत उत्तर दिलं, की मागच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला. त्यात महाराष्ट्रातले ३४ होते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने राज्यसभेत सांगितलं, की हाताने मैला साफ करण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. या कामावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला साफ करणं’ आणि ‘गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई’ यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. फेब्रुवारीत प्रश्न दुसऱ्या व्याख्येत बसणारा होता, जुलैतला पहिल्या व्याख्येत. सरकारने व्याख्येच्या आडोशाला उभं राहून शून्य सांगितलं.

याला लबाडी म्हणायचं तर मीही म्हणेन. गॅसने गुदमरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना या दोन व्याख्यांतला फरक कुणी समजावून सांगू नये. पण ती लबाडी उघडी कशामुळे पडली? आधीच्या लेखी उत्तरामुळे. ३४० हा आकडा सरकारच्याच तोंडचा नसता, तर जुलैतल्या शून्याला खोडायला हातात काय होतं? अशा उत्तरावर इलाज एकच, पुढचा प्रश्न नेमका विचारायचा, कायद्यातले शब्द वापरून, दोन्ही प्रकार वेगवेगळे मागून. उत्तर चुकीचं निघालं तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. जाणूनबुजून दिशाभूल केल्याचं दिसलं तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा भंग झाल्याची, सूचना देता येते. पत्रकार परिषदेत फेकलेल्या आकड्याला असला कुठलाच धाक नसतो.

आता ‘गुन्हे पोलिसांचे, खटले न्यायालयांचे’ हा मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद १२१ आणि २११ प्रमाणे सर्वोच्च वा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामकाजातील वर्तनावर संसदेत आणि विधिमंडळात चर्चा करता येत नाही. संसदेत अपवाद फक्त पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावाचा. न्यायप्रविष्ट प्रकरणातल्या गुणदोषांवर प्रश्न स्वीकारला जात नाही. हे योग्यच आहे. अमुक आरोपीला जामीन का दिला, असं मंत्र्याला विचारू नये आणि मंत्र्याने सांगू नये.

पण खटला रखडतो तो न्यायाधीशांच्या खुर्चीपाशीच रखडतो असं नाही. साक्षीदाराला समन्स पोलीस बजावतात. कच्च्या कैद्याला तुरुंगातून न्यायालयात आणायला पोलिसांचं पथक लागतं. सरकारी वकील सरकार नेमतं. न्यायालयाची इमारत, लिपिक, लघुलेखक यांचा पैसा सरकार देतं. रक्ताचा नमुना, डीएनए, मोबाइलमधली माहिती तपासणारी प्रयोगशाळा राज्याच्या गृह विभागाच्या हाताखाली असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६(३) ने सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत देऊन. ती तयारी कुठवर आली, हे न्यायाधीश कसं सांगणार? ते गृहमंत्र्यांनीच सांगायला हवं.

बलात्कार आणि पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) खटल्यांसाठी जलदगती विशेष न्यायालयांची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. ठरली होती १०२३ न्यायालयं, त्यात ३८९ फक्त पॉक्सोसाठी. प्रत्यक्षात चालू असलेली साडेसातशेच्या आसपासच राहिली, हे संसदेतल्या उत्तरांतून वारंवार समोर आलं. देशातल्या सगळ्या न्यायालयांत मिळून तुंबलेले खटले पाच कोटींच्या पुढे गेल्याचं जुलै २०२३ मध्ये कायदामंत्र्यांनीच राज्यसभेत सांगितलं. दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीश किती, तर २१, असं उत्तर त्या सुमारास मिळत होतं. विधी आयोगाने १९८७ मध्ये ५० ची शिफारस केली होती. आणि तो २१ चा आकडाही जपून घ्यायचा असतो, कारण तो २०११ ची जनगणना आणि मंजूर पदं धरून काढलेला आहे. प्रत्यक्ष भरलेली पदं धरली तर तो खाली येतो. म्हणून ‘न्यायाधीश किती?’ या प्रश्नाला अर्थ थोडा, ‘आज कामावर किती?’ या प्रश्नाला पुष्कळ.

गुन्ह्यांबाबत दिल्लीत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. वाक्य बरोबर आहे. त्याचा अर्थ इतकाच, की पोलीस ठाण्याबद्दलचा प्रश्न विधानसभेत विचारायचा आणि केंद्राच्या कायद्यांबद्दलचा, यंत्रणांबद्दलचा संसदेत. युएपीएखाली, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, २०१६ ते २०१९ या काळात ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेतल्या उत्तरातून देशापुढे आलं. दोषी ठरलेले त्याच अटकेतले असतील असं नाही, खटले वर्षानुवर्षं चालतात. तरी जामीन जवळजवळ न मिळणाऱ्या कायद्यात हे दोन आकडे एका ओळीत आले, की पुढची चर्चा त्यावरच उभी राहते.

उत्तर वाचणाऱ्यांचीही एक चूक सांगायला हवी. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशभरात १३ लाखांहून अधिक महिला आणि मुली बेपत्ता झाल्या, हे २०२३ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. महाराष्ट्रातल्या प्रौढ महिला त्यात १,७८,४०० होत्या. हा आकडा ‘पळवून नेलेल्या’ म्हणून फिरला. बेपत्ता नोंदवलेल्यांपैकी पुष्कळजणी नंतर सापडतात वा परततात, आणि त्या वजा केलेल्या नसतात. किती सापडल्या आणि न सापडलेल्यांचा तपास कोणाकडे आहे, हा पाठचा प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा भीती पसरवण्यापलीकडे कामाचा नाही.

माहितीचा अधिकार आहे, मग सभागृह कशाला? मी स्वतः माहिती अधिकाराचा मोठा पक्षपाती आहे. पण तो नोंदीत असलेली माहिती देतो. ‘का?’ असं विचारलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कारण कारणं वा मतं नव्याने तयार करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. सभागृहात मात्र ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हे प्रश्नाचं नेहमीचं शेवटचं कलम असतं. शिवाय २००५ च्या मूळ कायद्याने स्वतःची पट्टी सभागृहाला लावूनच ठरवली होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात ही ओळ काढून टाकण्याची तरतूद झाली. अशा वेळी सभागृहातला दरवाजाही आपल्याच हाताने बंद करायचा?

पैसे घेऊन प्रश्न विचारले जातात, हे खरं आहे. २००५ मध्ये छुप्या चित्रीकरणात खासदार पकडले गेले आणि डिसेंबरमध्ये ११ जणांना, लोकसभेतल्या १० आणि राज्यसभेतल्या एकाला, बडतर्फ करण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ज्याची बाजारात किंमत लागते ते हत्यार बोथट नसतं. ते विकणाऱ्याला घरी पाठवायचं.

मिनिटाच्या खर्चाबद्दल एवढंच: सभागृह गोंधळात तहकूब झालं की तो पैसा जातो आणि त्या दिवशीच्या यादीतले बहुतेक उपप्रश्नही जातात. तक्रार करायची तर गोंधळाची करा. त्यात विरोधक येतात आणि चर्चा टाळणारे सत्ताधारीही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘तपासून घेऊ’, ‘विचाराधीन आहे’ असं मंत्र्याने म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करण्याचा नियम आहे. त्यावर लक्ष ठेवणारी समिती १९५३ पासून आहे. तरी आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, आणि ज्यांनी प्रश्न विचारला तेच पुढच्या अधिवेशनात ते विसरलेले असतात. आपल्या आमदाराने भाषण काय केलं हे आपण मोबाइलवर पाहतो, पण त्याने मागच्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं, हे किती जण वाचतात? ही उत्तरं छापलेली असतात आणि संकेतस्थळावर असतात.

तास बंद करण्याच्या मागणीवर सही करण्याऐवजी आपापल्या आमदाराला एखादा नीट बांधलेला प्रश्न लिहून पाठवा. मी पाठवणार आहे तो असा:

(१) राज्यातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमध्ये पॉक्सो कायद्याखालील गुन्ह्यांतील डीएनए नमुने सहा महिन्यांहून अधिक काळ तपासणीविना प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, अशा नमुन्यांची प्रयोगशाळानिहाय संख्या किती आहे, तसेच मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती आहेत,

(३) पॉक्सो कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे खटला शक्यतो एक वर्षात पूर्ण होणे अपेक्षित असताना, अहवालाअभावी ही मुदत उलटलेल्या खटल्यांबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?